तीळ भाजले, ज्वारी दळली

1. किराणा दुकानातला प्रश्न

संक्रांत चार दिवसांवर आलेली असते. भुसावळ–मनमाड लोहमार्गावरच्या पाचोऱ्यातले कुठलेही किराणा दुकान डोळ्यांसमोर आणावे. आई यादी वाचते आहे, शेजारी शाळकरी मुलगी पिशवी धरून उभी आहे. "तीळ महागले का हो, भाऊ?" आई विचारते आणि लगेच पुढे, "आणि दादर? दादरपण महागली?" दादर म्हणजे खानदेशातली रब्बीची ज्वारी. दुकानदार दोन्ही प्रश्नांना मान डोलावतो. मुलगी मात्र अडते. तीळ 'महागले' आणि ज्वारी 'महागली'? एक अनेकवचनी, दुसरी एकवचनी?

प्रश्न वाटतो तितका पोरकट नाही. ज्वारीचा दाणा तिळापेक्षा चांगलाच मोठा असतो. मोजायचेच झाले तर ज्वारीचे दाणे मोजणे सोपे, तीळ मोजणे म्हणजे डोळ्यांना शिक्षा. मग मराठीने बारीक तिळाला 'अनेक' मानले आणि ठसठशीत ज्वारीला एकच ढीग, हे कसे? शाळेत विचारले तर उत्तर मिळते, "तसंच म्हणतात." उत्तर खरे आहे, पण त्याने भूक भागत नाही.

या प्रश्नाकडे पाहण्याची एक मजेदार वाट आहे. जगात काही भाषा अशा आहेत, की त्या पिढ्यान्‌पिढ्यांच्या बोलण्यातून उगवल्या नाहीत. कुणीतरी टेबलाशी बसून त्या घडवल्या. त्यांना कृत्रिम भाषा म्हणतात. आपल्या भाषेत नियम आधीच रुळलेले असतात, ते का आहेत हे कुणी विचारत नाही. भाषा घडवणाऱ्याला मात्र प्रत्येक ठिकाणी थांबून ठरवावे लागते: पाणी मोजायचे का? तांदूळ एक की अनेक? हुबेहूब सारख्या दहा वस्तू असतील तर त्यांना दहा म्हणायचे की एक रास? त्यांनी काय ठरवले हे पाहिले, की मराठीने न ठरवता काय करून ठेवले आहे तेही दिसू लागते.

2. ढीग आणि नग

आधी दोन शब्दांचा अर्थ पक्का करू. मराठी व्याकरणात साखर, दूध, सोने, कापूस यांना पदार्थवाचक नामे म्हणतात. या प्रकरणापुरते त्यांना 'ढीग' म्हणू. बैल, खुर्ची, केळे, पुस्तक हे 'नग'.

दोघांतला फरक ओळखायची घरगुती परीक्षा अशी. वस्तूचे दोन भाग करा. अर्धी साखर ही साखरच असते. अर्धा बैल हा बैल नसतो. उलटही करून पाहा: साखरेत साखर ओतली तर साखरच होते, फक्त जास्त. बैलाशेजारी बैल बांधला तर 'जास्त बैल' होत नाही, बैलजोडी होते.

आता हीच परीक्षा तिळाला लावली तर? पसाभर तिळातले अर्धे काढले तरी उरतात ते तीळच. ज्वारीचेही तेच. म्हणजे परीक्षेच्या लेखी दोन्ही ढीग. तरी मराठीत तीळ भाजले जातात, निवडले जातात, सांडले जातात. ज्वारी मात्र निवडली जाते, दळली जाते, सांडते.

स्वयंपाकघरात फिरले की हा गोंधळ आणखी रंगतो. तांदूळ निवडले, धुतले, वैरले. तोवर ते अनेक होते. शिजले की झाला भात, तो एकच: भात शिजला, भात करपला. पण पोहे शिजवले तरी पोहेच, अनेकच. मूग भिजवले, मटकी भिजवली. दोन्ही कडधान्ये, शेजारशेजारच्या डब्यांत. शेंगदाणे अनेक, त्यांचे कूट एक. हरभरा बाजारात महागतो, घरात मात्र हरभरे भिजत घालतात. गव्हाचे तर घरागणिक वेगळे: कुणी 'गहू दळून आणला' म्हणतो, कुणी 'आणले'. इंग्रजीतही अशी जोडी आहे: तिथे गहू एकवचनी आणि ओट अनेकवचनी.

यातून एक गोष्ट कळते. ढीग की नग हे निव्वळ वस्तूवर ठरत नाही; भाषेने कोणती सवय लावून घेतली त्यावरही ठरते. डॅनिश भाषाशास्त्रज्ञ ओटो येस्पर्सन याने 1924 साली आलेल्या व्याकरणाच्या तत्त्वज्ञानावरील आपल्या पुस्तकात या दोन प्रकारच्या शब्दांची नीट फोड केली. गंमत म्हणजे 1928 मध्ये या येस्पर्सननेच 'नोव्हियल' नावाची एक कृत्रिम भाषा घडवून प्रसिद्ध केली. ढीग आणि नग यांचा विचार करणारा माणूस भाषा घडवायला बसला, यात फारसे नवल नाही.

3. थेंब, शीत, पाकळी

ढिगातून एकच वस्तू हवी असेल तर? मराठीत त्यासाठी प्रत्येक पदार्थाला त्याचा त्याचा शब्द आहे. पाण्याचा थेंब, मिठाचा खडा, ज्वारीचा दाणा, भाताचे शीत, लसणाची पाकळी, गवताची काडी, गुळाची ढेप. कुणी 'भाताचा थेंब' म्हटले तर लहान मूलही हसेल. शितावरून भाताची परीक्षा करणारी भाषा ही. तिने शिताला वेगळे नाव दिले नसते तरच आश्चर्य.

उलट दिशेनेही तसेच. अनेक नग एकत्र आले की त्यांचा एक समूह होतो, आणि इथेही मराठीचा हात सैल आहे: मेथीची जुडी, कडब्याची पेंढी, लाकडांची मोळी, केळ्यांचा घड, पक्ष्यांचा थवा, गुरांचा कळप, फटाक्यांची लड. हे शब्द पाठ करावे लागतात. एकावरून दुसरा बनवता येत नाही.

तिसरी युक्ती 'भर' या छोट्या प्रत्ययाची. 'वाटीभर साखर' आणि 'साखरेची वाटी' यांत फरक आहे. पहिल्यात लक्ष साखरेवर. वाटी फक्त माप. दुसऱ्यात लक्ष वाटीवर; ती रिकामीही असू शकते. चिमूटभर, मूठभर, ओंजळभर, सूपभर, पोतेभर. हातापासून पोत्यापर्यंत काहीही माप होऊ शकते, 'भर' लावला की झाले.

आणि कधी कधी मराठी माणूस माप न सांगताच ढीग मोजून टाकतो. हॉटेलात 'दोन चहा' म्हटले की पोऱ्या दोन कप आणतो. रब्बीत शेतकरी 'गव्हाला चौथं पाणी दिलं' म्हणतो, तेव्हा पाण्याची चौथी पाळी असा अर्थ असतो. 'तांदूळ तीन पाण्यांनी धुवा' म्हणजे तीनदा पाणी बदला. 'दुकानात चार तेलं ठेवलीत' म्हणजे चार प्रकारची. एकाच आकड्यामागे तीन वेगळी मापे लपली आहेत: पहिल्यात भांडे, दुसऱ्या-तिसऱ्यात वेळ, चौथ्यात प्रकार. कोणते ते ऐकणारा प्रसंगावरून ओळखतो. भाषा घडवणाऱ्यांना या 'प्रसंगावरून ओळखतो'चीच धास्ती असते.

4. डोळ्यांच्या डॉक्टरची युक्ती

लुडविक झामेनहॉफ हा डोळ्यांचा डॉक्टर. 1859 मध्ये बियाविस्तोक या गावी त्याचा जन्म झाला. पोलिश, रशियन, जर्मन, यिद्दिश अशा भाषा बोलणाऱ्यांच्या त्या गावात भांडणांना तोटा नव्हता. सगळ्यांना सारखीच परकी आणि सारखीच सोपी अशी भाषा असावी, या ध्यासातून त्याने 1887 साली वॉर्सात एक छोटी पुस्तिका छापली. टोपणनाव घेतले 'डॉक्टर एस्परांतो', म्हणजे आशा बाळगणारा. तेच नाव भाषेला चिकटले. महाराष्ट्राशी तिचा एक धागा आहे: पुण्याच्या डेक्कन कॉलेजात काही काळ शिकवलेले भाषाशास्त्रज्ञ प्रोबाल दासगुप्ता हे 2007 ते 2013 या काळात एस्परांतोच्या जागतिक संघटनेचे अध्यक्ष होते.

झामेनहॉफने व्याकरण 16 नियमांत बसवले आणि शब्दसंख्या आटोक्यात राहावी म्हणून प्रत्ययांवर भर दिला. ढिगातून एक कण काढायचा तर त्याच्याकडे एकच प्रत्यय आहे, 'एर'. रिझो म्हणजे तांदूळ, रिझेरो तांदळाचा एक दाणा. साब्लो वाळू, साब्लेरो वाळूचा कण. नेजो हिम, नेजेरो हिमाचा एक कण. मोनो म्हणजे पैसा, मोनेरो म्हणजे नाणे. थेंब, खडा, शीत, दाणा या सगळ्यांचे काम एका 'एर'ने होते.

समूहासाठीही एकच, 'आर'. आर्बो झाड, आर्बारो जंगल. वोर्तो शब्द, वोर्तारो शब्दकोश. हारो म्हणजे एक केस, हारारो म्हणजे डोक्यावरचे सगळे केस. मराठीत आपण 'केस विंचरले' असे अनेकवचनात म्हणतो आणि भागवतो. एस्परांतोत विंचरायला एक स्वतंत्र एकवचनी शब्द मिळतो.

आणि 'भर'? त्याच्या जागी 'दा' हे शब्दयोगी अव्यय. 'ग्लासो दा अक्वो' म्हणजे ग्लासभर पाणी. पाण्यासाठी ठेवलेला ग्लास सांगायचा तर 'दा' चालत नाही, दुसरा शब्द घ्यावा लागतो. वाटीभर साखर आणि साखरेची वाटी यांत मराठीने जी रेघ ओढली, तीच झामेनहॉफने ओढली. 'किती' हा प्रश्नही दोन्ही भाषांत एकच आहे. इंग्रजीला मोजायच्या वस्तूंसाठी एक आणि मापायच्या वस्तूंसाठी दुसरा असे दोन शब्द लागतात. मराठीत किती केळी आणि किती पाणी, एस्परांतोत दोन्हींना 'किओम'.

आणखी एक सोय मराठी माणसाला ओळखीची वाटेल. 'मुलांना दोन केळी दिली' म्हटले तर सगळ्यांत मिळून दोन की प्रत्येकाला दोन? आपण 'दोन दोन केळी दिली' म्हणून वाद मिटवतो. एस्परांतोत त्यासाठी आकड्याआधी 'पो' येतो: 'पो दू बनानोय', दरडोई दोन केळी.

मग किराणा दुकानातल्या मुलीचा प्रश्न सुटला का? अर्धा सुटला. ज्वारी ही सोर्गो, तिचा दाणा सोर्गेरो. तीळ सेझामो, त्याचा दाणा सेझामेरो. दोघांना एकच न्याय. पण मुळात कोणता शब्द ढिगाचा आणि कोणता नगाचा हे झामेनहॉफने युरोपच्या सवयीवरूनच घेतले. त्यामुळे एस्परांतोत तांदूळ हा रिझो, एकवचनी ढीग. मसूर मात्र लेंतोय, वाटाणे पिझोय, दोन्ही अनेकवचनी नग. प्रत्यय नियमाचा, मूळ शब्द सवयीचा. मुलगी वॉर्सात जन्मली असती तरी एखाद्या दुकानात अडलीच असती.

5. पाच हजार खोडे

आता खानदेशातले खरे गणित. जळगावच्या केळीला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. पण केळी मोजायची कशी, याचे उत्तर ती कुठे उभी आहे यावर अवलंबून असते.

शेतात केळी झाडांवर मोजतात. "यंदा किती लावली?" याचे उत्तर एकरांत कमी आणि खोडांत जास्त मिळते: पाच हजार खोड. एका खोडाला एकच घड, म्हणून पाच हजार घड. इथवर सगळे नग आहेत. घड कापून गाडीत चढला की मात्र केळी ढीग होतात: भाव क्विंटलचा. शहरातल्या हातगाडीवर ती पुन्हा नग होतात: डझनाला इतके.

समजा, एक घड सरासरी 20 किलोचा. पाच हजार घड म्हणजे 1,00,000 किलो, अर्थात 1,000 क्विंटल. समजा, एका किलोत आठ केळी बसतात आणि दांड्याचे वजन सोडून दिले. मग झाली 8,00,000 केळी, म्हणजे साधारण 66,666 डझन. एकाच मालाचे हे तीन आकडे: 5,000, 1,000 आणि 66,666. शेतकरी, व्यापारी आणि गिऱ्हाईक एकाच केळीबद्दल बोलतात, पण मोजतात वेगवेगळे. मराठी त्यातही एक बारकावा सांभाळते: झाड ती केळ, स्त्रीलिंगी, फळ ते केळे, नपुंसकलिंगी, दोघांचेही अनेकवचन 'केळी'. एस्परांतोत फळ बनानो आणि झाड बनानार्बो, त्यामुळे तिथे हा घोटाळा होत नाही. आपल्याकडे 'पाच हजार केळी' म्हटल्यावर बाग की हातगाडी, हे विचारून घ्यावे लागते.

कापसाची गोष्ट उलटी. वेचणीला आलेली बाई बोंडामागून बोंड हाताने वेचते, एक एक. तिची मजुरी मात्र किलोवर. बोंडे नग होती. ओटीत पडली की कापूस झाला, ढीग झाला. जिनिंगमध्ये त्याची रुई आणि सरकी वेगळी होते, रुई दाबून गाठ बांधतात आणि पुन्हा नग तयार होतो: एक गाठ म्हणजे 170 किलो. रुईचा भाव मात्र अजूनही खंडीत बोलतात, सुमारे 356 किलोंची खंडी. बोंड, किलो, गाठ, खंडी. शेतापासून गिरणीपर्यंत कापूस चार वेळा रूप पालटतो आणि प्रत्येक रूपाला वेगळा मोजणारा असतो.

6. उसनी साखर, उसनी अंडी

इथे एक नवी अडचण येते. नग मोजता येतात हे खरे, पण नग हुबेहूब सारखे असतील तर?

शेजारणीने वाटीभर साखर उसनी नेली. आठवड्याने तिने वाटी आणि साखर परत केली. वाटी तीच होती. साखर तीच नव्हती. ती केव्हाच चहात गेली. तरी 'माझी साखर परत मिळाली' असे आपण म्हणतो. ढिगाचे हेच लक्षण: कोणती, हा प्रश्न नाही, किती, एवढाच.

आता तिने चार अंडी उसनी नेली. अंडी नग आहेत, मोजून दिली, मोजून परत आली. पण तीच अंडी आली का? नाही, आणि कुणी विचारतही नाही. शंभराची नोट उसनी दिली तरी तसेच. म्हणजे मोजण्याचे दोन प्रकार झाले. एकात फक्त संख्या महत्त्वाची. अंडी, नोटा, विटा, खिळे यांना बाजारात सरळ 'नग' म्हणतात ते याच अर्थाने. दुसऱ्यात ओळख महत्त्वाची. बैल उसना नेला आणि दुसराच परत आणला तर पंचायत बसेल.

मराठीने हा फरक एका अक्षरात पकडला आहे. "त्यानं दोन बैल विकले." गोठ्यात आणखी असतील. "त्यानं दोन्ही बैल विकले." गोठा रिकामा झाला. 'दोन' ही संख्या आहे. 'दोन्ही' म्हणजे आपल्याला आधीच ठाऊक असलेले ते दोन. तिन्ही, चारही हे त्याच घरातले. माणसांसाठी तर संख्याच वेगळी: दोघे, तिघे, चौघे आणि बायकांसाठी दोघी, तिघी, चौघी. पाचापासून पुढे मात्र भाषा दमते आणि 'पाच जण' म्हणू लागते. हा 'जण' बंगालीतही आहे. तिथे माणसे मोजताना 'जन' आणि वस्तू मोजताना 'टा' आकड्याला जोडतात. चिनी आणि जपानी भाषांत तर बहुतेक प्रत्येक मोजणीत वस्तूच्या प्रकारानुसार असा एक शब्द मध्ये लागतो. त्यांच्या दृष्टीने सगळ्याच वस्तू आधी ढीग असतात. मधला शब्द त्यातून नग कापून देतो.

7. तिघांनी उचललेली गाठ

जिनिंगच्या आवारात कुणी सांगितले, "तीन हमालांनी गाठ उचलली." अर्थ उघड आहे, 170 किलो एकट्याने कोण उचलणार? पण "तीन हमालांनी पोतं उचललं" म्हटले की शंका येते. तिघांनी मिळून एक, की प्रत्येकाने एकेक? सारख्या गोष्टी मोजताना ही खोच नेहमी राहते: क्रिया संपूर्ण गटाची आहे की गटातल्या प्रत्येकाची?

या प्रश्नाने हैराण झालेल्यांनी जी भाषा घडवली तिचे नाव लोज्बान. तिची मुळे अमेरिकेतल्या जेम्स कुक ब्राऊन याने 1955 मध्ये सुरू केलेल्या 'लोगलान' या भाषेत आहेत. तर्कशास्त्रासारखी काटेकोर भाषा बोलता येते का, हे त्याला पाहायचे होते. पुढे 1987 मध्ये त्यातून लोज्बान वेगळी झाली. तिचे मूळ शब्द सहा मोठ्या भाषांचे ध्वनी मिसळून तयार केले आहेत आणि त्या सहांत हिंदीही आहे.

1997 मध्ये छापलेल्या तिच्या व्याकरणात वरच्या शंकेचे उत्तर एका छोट्या शब्दात दिले आहे. नामाआधी 'ले' आला तर क्रिया प्रत्येकाची. 'लेइ' आला तर सगळ्यांची मिळून. 'ले' आणि तीन माणसे म्हणजे तीन वेगळी उचलणी. 'लेइ' आणि तीन माणसे म्हणजे तिघांचा मिळून झालेला जणू एकच उचलणारा. मराठीत आपण 'मिळून' किंवा 'एकेक' घालून तेच करतो. फरक इतकाच, की मराठीत ते घालणे ऐच्छिक आहे. लोज्बान बोलणाऱ्याला तोंड उघडण्याआधी काय म्हणायचे ते ठरवावे लागते.

ढीग आणि नगांचा प्रश्न लोज्बानने मुळापासूनच सोडवला. तिथे पाण्याचा शब्द 'जाशू', पण त्याचा अर्थ नुसते 'पाणी' नाही. 'हे पाण्याचे एखादे परिमाण आहे' असा पूर्ण विधानासारखा अर्थ आहे. म्हणून पाणीही मोजता येते आणि बैलही, दोघांना एकच व्याकरण. तिथे 'चार पाणी' म्हणजे पाण्याची चार परिमाणे. गव्हाला चौथे पाणी देणाऱ्या शेतकऱ्याला ही कल्पना समजावून सांगावी लागणार नाही.

8. दोनच्या पुढे पुष्कळ

लोज्बानच्या अगदी दुसऱ्या टोकाला टोकी पोना. कॅनडातल्या सोन्या लँग हिने 2001 मध्ये ती मांडली. 2014 च्या तिच्या पुस्तकात या भाषेचे शब्द अवघे 120 आहेत. अनेकवचन नाही. आकडे जवळजवळ नाहीत: वान म्हणजे एक, तू म्हणजे दोन, मुते म्हणजे पुष्कळ. गरज पडली तर लुका, म्हणजे हात, पाचासाठी वापरतात. किली म्हणजे फळ. एक, दहा किंवा गाडीभर, तरी किलीच. तेलो म्हणजे पाणी, रस, कुठलाही द्रव.

हे तिने मुद्दाम केले. विचार साधे ठेवायचे तर मोजणी कमी हवी, ही तिची भूमिका. कवितेला आणि ध्यानाला ते चालेलही. पाच हजार खोडांची बाग विकायला मात्र ही भाषा उपयोगाची नाही.

9. आकडे लपवणारी भाषा

घडवलेल्या भाषा परदेशातच झाल्या असे मात्र नाही. महाराष्ट्रातल्या जुन्या व्यापाऱ्यांनी आणि दलालांनी एक सांकेतिक बोली तयार केली होती. तिचे नाव नंदभाषा. गिऱ्हाइकासमोर आपसात भाव बोलता यावा आणि गिऱ्हाइकाला कळू नये, एवढाच तिचा उद्देश.

तिचे आकडे ऐकण्यासारखे आहेत. उधानू म्हणजे तीन, पोकू चार, मुळू पाच, शेली सहा, पवित्र सात, मंगी आठ, अंगुळू दहा. ती बाजारापुरतीच राहिली असेही नाही. एका जुन्या भक्तिपर पदात शंकराची पाच मुखे, तीन नेत्र आणि दहा हात याच आकड्यांत सांगितले आहेत. ज्याला संकेत ठाऊक नाही त्याला ते वर्णन कोडेच वाटते.

झामेनहॉफने सगळ्यांना कळावे म्हणून भाषा घडवली. दलालांनी कुणाला कळू नये म्हणून. पण त्यांनी लपवले काय आणि उघडे काय ठेवले, हे पाहण्यासारखे आहे. त्यांनी प्रामुख्याने आकडे बदलले. क्रियापदे, विभक्ती, लिंग, ढीग की नग याची सवय हे सगळे मराठीचेच राहिले. माल तर समोरच पडलेला असतो. तो ज्वारी आहे की कापूस हे लपवून काय उपयोग? माप दोघांनाही ठाऊक असते. गुपित उरते ते एका संख्येचे.

गुरांच्या बाजारात चालणारा रुमालाखालचा सौदा म्हणजे याच युक्तीचे मुके रूप. दोघांचे हात कापडाखाली जातात, बोटे धरली जातात, बाजूला उभ्या असलेल्याला काही दिसत नाही. पाच बोटे म्हणजे पाचशे, पाच हजार की पन्नास हजार, हे बोटे सांगत नाहीत. समोरचा बैल सांगतो. भाषा घडवणारे ज्या 'प्रसंगावरून ओळखतो'ला घाबरले, त्याच्यावरच हा सौदा उभा असतो.

10. पुन्हा दुकानात

आता त्या शाळकरी मुलीला काय सांगायचे? एवढे सांगता येईल, की तीळ अनेक आणि ज्वारी एक, यात दाण्याच्या आकाराचा दोष नाही. मराठीला तशी सवय लागली. झामेनहॉफने प्रत्यय लावून सवयीची धार कमी केली, पण मसूर आणि तांदूळ यांत तोही अडकला. लोज्बानवाल्यांनी सवय मोडून काढली, त्यासाठी बोलणाऱ्याला प्रत्येक वाक्यात आधी हिशेब करायला लावला. सोन्या लँगने हिशेबच टाकून दिला. यांतली एकही तडजोड फुकटात मिळालेली नाही.

मुलीने घरी गेल्यावर स्वयंपाकघरातले डबे एकेक करून उघडावेत आणि प्रत्येकापुढे 'सांडला', 'सांडली', 'सांडले' यांतले कोणते रूप लागते ते वहीत लिहावे. मटकी आणि मूग, साबुदाणा आणि पोहे, डाळ आणि दाणे. यादी वाढत जाईल तशी एक गोष्ट लक्षात येईल: आई, आजी आणि शेजारची काकू यांची उत्तरे दोन-तीन डब्यांवर एकमेकींशी जुळत नाहीत. बहुधा गव्हाच्या डब्यापाशी वाद होईल.

दुकानदाराने तोवर माल बांधून वहीत लिहिलेला असतो: तीळ अर्धा किलो, दादर दहा किलो. दोन्ही एकाखाली एक, एकाच रकान्यात आणि एकाच तराजूवर तोललेले.